बगदादचा पाहुणा, मुंबईचा नागरिक



नायगावची मुले सुट्टीत राणीच्या बागेत जातात. तिथल्या प्रवेशद्वाराजवळ घड्याळाचा एक जुना मनोरा आहे. त्याला डेव्हिड ससून यांचे नाव आहे. हे गृहस्थ कोण, असे तुमच्या मुलाने कधी विचारले आहे का? विचारले तर उत्तर देता यावे, म्हणून आज चार शब्द सांगतो.

डेव्हिड ससून यांचा जन्म 1792 साली बगदादमध्ये, एका प्रतिष्ठित ज्यू घराण्यात झाला. वडील तिथल्या सुभेदारांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे प्रमुख होते. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत जाच वाढला. घर सोडून डेव्हिड इराणच्या बुशहर बंदरात आले आणि 1832 च्या सुमारास बायकामुलांसह मुंबईस उतरले. तेव्हा त्यांची चाळिशी आली होती. बोली अरबी, वेश बगदादी. इंग्रजी त्यांना येत नव्हते. 1853 साली ब्रिटिश नागरिकत्वाच्या कागदावर त्यांनी सही केली ती हिब्रू अक्षरांत.

पण आपल्याला जे आले नाही, ते मुलांना आलेच पाहिजे, हे त्यांनी ओळखले. आठ मुलगे होते. त्यांना इंग्रजी शिकवले, हिशेब शिकवला आणि व्यापारासाठी दूरदूरच्या बंदरांत पाठवले. पालकहो, 'मी शिकलो नाही, मग पोराने शिकून काय करायचे?' असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. या घराण्याच्या संपत्तीत कापसा-कापडाबरोबर चीनला जाणाऱ्या अफूचाही मोठा वाटा होता. तो व्यापार त्या काळी ब्रिटिश कायद्याला मान्य होता, तरी त्याने चीनमधली असंख्य घरे उद्ध्वस्त केली. थोर माणसाचे चरित्र मुलांना सांगताना ही बाजूही सांगावी. दानाने पैशाचा उगम बदलत नाही. कमाई कशी केली, हा प्रश्न दानशूरालाही सुटत नाही.

आता दानाकडे पाहू. आपल्या समाजासाठी त्यांनी 1861 साली भायखळ्याला मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर बांधले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. वाट चुकलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी हातचे काम शिकवावे म्हणून 1857 साली निघालेल्या सुधारशाळेस त्यांनी आधार दिला. काळा घोड्याच्या वाचनालयाला आणि पुण्याच्या इस्पितळाला त्यांनी देणग्या दिल्या. 7 नोव्हेंबर 1864 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. इस्पितळ 1867 मध्ये आणि वाचनालयाची इमारत 1870 मध्ये उभी राहिली. दोन्ही पाहायला ते नव्हते. त्या इस्पितळाच्या खाटेवर रुग्णाला जात-धर्म विचारला जात नाही.

पुढे त्यांच्या वंशजांच्या गिरण्या परळ-लालबाग भागात उभ्या राहिल्या. आपल्या आजोबा-पणजोबांपैकी कित्येकांनी तिथल्या भोंग्यावर दिवस काढले. त्या गिरण्या आता बंद झाल्या. ससून घराणेही मुंबईत राहिले नाही.

राहिले काय? भायखळ्याला नातू जेकब ससून यांच्या नावाची शाळा आहे. ती ज्यू मुलांसाठी निघाली होती. तो समाज पुढे मोठ्या संख्येने परदेशी गेला, वर्ग रिकामे होऊ लागले. शाळा मात्र बंद पडली नाही, तिने शेजारच्या मोहल्ल्यातल्या मुलांना दार उघडले. आज तिथे शिकणारी बहुतेक मुले मुस्लिम आहेत. आपल्याच वस्त्यांतली, आपल्याच नात्यातली.

मित्रांनो, पेढी मुलांपर्यंत टिकते, वाडा नातवांपर्यंत. शाळा मात्र ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत त्यांच्या कामी येते. आपली संस्था छोटी आहे, आपण दिलेली वर्गणीही छोटी आहे. पण वर्गणी देताना फक्त आपल्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढे आणू नका. पन्नास वर्षांनी त्या बाकावर कुणाचे मूल बसेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. जे बसेल, ते आपलेच समजून बाक मजबूत करून ठेवू या.