पाऊस आला, पण पेरणीचा आला का?

रोहिणी निघाली की गावोगाव एकच विषय. पाऊस कुठवर आला? रेडिओवर केरळचं नाव निघालं की आपण तिफण बाहेर काढतो. बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या असतात, त्यांतल्या बऱ्याचशा उधारीच्या. तेवढ्यात एक चांगला सडाका येतो, शेजारचा चाड्यावर मूठ धरतो, आणि मग आपल्याला घरात बसवत नाही. आज बोलायचं आहे ते या आठ-दहा दिवसांबद्दल.

आपला देश मोठा. पाऊस साऱ्यांच्या दारात एका दिवशी येत नाही. आसामात मार्च-एप्रिलच्या सरींवरच आहू भाताची पेरणी होते. केरळात मोसमी पाऊस १ जूनच्या सुमारास येतो. तामिळनाडूत कावेरीकाठचा शेतकरी आभाळापेक्षा मेट्टूर धरणाकडे बघतो. तिथं पाणी सोडायचा रिवाजाचा दिवस १२ जून, आणि त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. पंजाबात पाणी कूपनलिकेचं, तरी तिथं २००९ साली कायदा करून १० जूनच्या आधी भाताची लावणी करायला मनाई केली, कारण जमिनीतलं पाणी खोल खोल चाललं होतं. म्हणजे ज्याच्या हाताशी पाणी आहे त्यालाही थांबावं लागलं.

आपल्याच राज्यात बघा ना. कोकणातला शेतकरी रोहिणीत धूळवाफेवर भाताची रोपं टाकतो आणि ते त्याला साधतं, कारण मागून येणारा पाऊस भरवशाचा असतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावकडे गेलं तर पाचशेच्या आसपास. डोंगर एक, पण अलीकडचा हिशेब पलीकडे चालत नाही. तेव्हा मुंबईला धो धो पडला ही बातमी ऐकून मराठवाड्यात पेरायला निघू नये.

२०२५ सालचं उदाहरण तुमच्या स्मरणात असेल. त्या वर्षी मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. इतक्या लवकर येणं ही नवलाची गोष्ट होती. पेरणीची घाई करू नका असं कृषी खातं सांगत होतं. पुढं मे महिन्याच्या अखेरीस तो अडकला, आणि जूनच्या मध्यापर्यंत दोन आठवड्यांहून जास्त काळ पुढे सरकला नाही.

घाई मीही केलेली आहे, उगाच दुसऱ्याला शहाणपण सांगत नाही. मृगाच्या एका पावसावर दोन एकर सोयाबीन टाकलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तासं दिसायला लागली, घरात आनंद झाला. नंतर अठरा दिवस थेंब नाही. कोंब दुपारी माना टाकायचे, सकाळी उचलायचे. एके दिवशी सकाळीही उचलले नाहीत. दुसऱ्यांदा बियाणं आणायला गेलो तेव्हा पहिल्याची उधारी बाकीच होती. तिफणीमागं चालायला आमच्या वहिनी होत्या, त्या दिवसभर एक शब्द बोलल्या नाहीत.

असं का होतं? काळं रान उन्हाळ्यात भेगाळलेलं आणि तापलेलं असतं. पहिलं पाणी भेगांत जातं, वरचा थर तेवढा भिजतो. बी त्या ओलीवर उगवतं, मूळ खाली गेलं की खाली कोरडी माती लागते. वरची ओल ऊन उडवून नेतं. म्हणून ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नये असा सल्ला देतात.

आता मिलिमीटर मोजायचा कसा? सरळ उभ्या काठाचा, तोंड आणि बूड सारखं असलेला डबा घ्या. झाडापासून, वळचणीपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी मुलांच्या पट्टीनं मोजा, वहीत लिहा आणि डबा ओता. मंडळातल्या केंद्राचा आकडा मोबाईलवर येतो तोही बघा, पण पाऊस शिवेशिवेला बदलतो, म्हणून आपला डबा हवाच. शिवाय एका तासात पडून ओढ्याला गेलेला पाऊस पुरता धरू नका. कुदळीनं रानात दोन-तीन जागी वीतभर खणा. खालची माती मुठीत दाबून तिचा लाडू झाला तर ओल पोचली. मग वाफसा येऊ द्या आणि पेरा, तेही उताराला आडवं.

ट्रॅक्टरवाल्याचा नंबर गेला तर पुन्हा मिळत नाही, ही अडचण खरी आहे. चार-पाच जणांनी मिळून त्याच्याशी आधीच बोलून ठेवावं, की ओल बघून बोलावू.

थांबायच्या दिवसांत बियाणं तपासा. घरचं सोयाबीन असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळा, पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी मोजा. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरे. साठच उगवले तर ३५ किलो लागेल. त्याहून कमी असेल तर ते बी पेरू नका. हे काम घरातल्या भगिनी पुरुषांपेक्षा नेटकं करतात असा माझा अनुभव आहे. पेरताना बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका.

आणि पाऊस फारच लांबला तर? जुलैचा पहिला आठवडा गेला की मूग-उडदाचा नाद सोडा. सोयाबीन १५ जुलैपर्यंत चालतं. त्यानंतर बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी यांकडे वळा. तूर अशा वेळी बरीच सांभाळून घेते, म्हणून सोयाबीनमध्ये किंवा बाजरीत तिच्या ओळी पहिल्यापासूनच असाव्यात.

पेरणी होऊन गेली आणि मग उघडीप पडली, तर हलकी कोळपणी करा. भेगा बुजतात, ओल थोडी टिकते. जिथं तुटाळ पडली तिथं लगेच नांगे भरा. मोडायचंच ठरलं तर आधी ओळीतली जिवंत रोपं मोजून बघा. निम्म्याहून जास्त असतील तर नांगर घालायची घाई करू नका, दोन दिवस थांबून पुन्हा मोजा.