मुठीचा खांब

मंडळी, आज आम्ही तुम्हांला एका खांबाची हकिगत सांगतो.

जपानच्या दक्षिणेला ओकिनावा बेट आहे. कराटे ही झुंजीची विद्या तिथली. फुनाकोशी नावाच्या शाळामास्तरांनी ती १९२२ साली टोकियोत नेऊन दाखवली.

या विद्येत मूठ हेच हत्यार. ते तयार करायला जमिनीत खांब पुरतात. त्याला म्हणतात माकिवारा. वारा म्हणजे पेंढा, माकी म्हणजे गुंडाळणे. खांब बुडाशी जाड, वर पातळ. छातीच्या उंचीवर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळायची.

वर पातळ कशासाठी? ठोसा बसला की खांब लवावा म्हणून. ताठ खांब सगळा मार हातालाच परत देतो.

पहिल्याच दिवशी दणके घालायचे नाहीत. हळू मारा, थोडे मारा, पण नेमाने मारा. मनगट सरळ ठेवा. कातडी फाटली तर थांबा. घाई केली तर सांधे कायमचे दुखावतात. लहान मुलांची हाडे कोवळी; त्यांना हे नकोच.

मंडळी, याच हातात विळा धरायचा, याच हाताने अक्षर गिरवायचे. हात कमवायचा, गमवायचा नाही.