कीर्तन थांबवू नका



आपण मला आपल्या या संस्थेच्या अध्यक्षपदावर निवडून दिलेत याबद्दलची कृतज्ञता मी एका वाक्यात व्यक्त करतो आणि मूळ विषयाकडे वळतो, कारण आपल्या परंपरेत अध्यक्षाला एकदाच बोलावयास मिळते आणि मला जे बोलावयाचे आहे ते फार वर्षे अंतःकरणात साठून राहिलेले आहे. माझ्या निवडणुकीच्या वेळी काय काय झाले ते आपणां सर्वांस ठाऊक आहे. हा मनुष्य कोणाच्या वाड्यावर जात नाही, याच्या हाती संस्थेचा कारभार गेला तर देणग्या आटतील, असा प्रचार ज्यांनी घरोघर केला त्यांची नावे घेण्याचे मला कारण नाही. परंतु देणगीच्या भयाने ज्यांची जीभ अडखळते त्यांनी संतांच्या निर्भयतेवर निरूपण करणे काही काळ थांबवावे, एवढी विनंती मी त्यांस उघड सभेत करतो.

आपल्या खुल्या अधिवेशनापुढे एक साधा ठराव यावयाचा होता, तो असा की कीर्तन चालू असताना कोणाही राजकीय व्यक्तीचा सत्कार, परिचय अथवा भाषण होऊ नये. तो ठराव दप्तरात गेला आणि तेथेच राहिला. निवडणूक तोंडावर आहे, वेळ योग्य नाही, असे तेव्हा सांगण्यात आले. निवडणूक झाली, तिच्यामागून दुसरी आली, मग जिल्हा परिषदेची आली, साखर कारखान्याची आली, आणि योग्य वेळ काही आली नाही. ज्या बैठकीत तो ठराव मागे पडला तीत ज्या थोड्या सदस्यांनी माझ्या बाजूने हात वर केला ते येथे उपस्थित आहेत. त्यांच्या धैर्याचे मोल मी जाणतो. उरलेल्यांनी हात खाली ठेवले, आणि ते का ठेवले हेही सभागृहाला ठाऊक आहे.

घडते काय, ते मी सांगितले पाहिजे असे नाही, आपण सारे त्याचे साक्षी आहात. रात्री नऊच्या सुमारास कीर्तन रंगात आलेले असते, अभंगाच्या एका चरणावर बुवांनी श्रोत्यांना आणून उभे केलेले असते, पखवाज आणि टाळ एका श्वासाने चाललेले असतात. इतक्यात मंडपाच्या तोंडाशी मोटारीचे दिवे चमकतात, संयोजकांपैकी कोणी धावत येऊन बुवांच्या कानाशी लागतो, पखवाज थांबतो, शाल येते, श्रीफळ येते, आणि ज्या जागेला आपण नारदाची गादी म्हणतो, जेथे पाऊल ठेवण्यापूर्वी कीर्तनकार वाकून नमस्कार करतो, त्या जागी उभा राहून पाहुणा आपल्या पक्षाने रस्त्यासाठी किती निधी आणला याचा हिशेब देतो. हिशेब देऊन तो निघतो आणि त्याच्याबरोबर अर्धा मंडप उठतो. विरुद्ध पक्षाचे लोक हे पाहतात, आणि पुढच्या वर्षी ते वेगळी वर्गणी गोळा करून, वेगळा मंडप घालून, वेगळा अखंड हरिनाम सप्ताह बसवतात. एकाच शिवारात दोन सप्ताह, दोन काल्याची कीर्तने, दोन महाप्रसाद, आणि दोन्हींच्या पत्रिकांवर पांडुरंगापेक्षा पुढाऱ्याची छबी मोठी!

या राज्यातील राजकीय वैराची कारणे अर्थशास्त्री आणि इतिहासकार आपापल्या परीने सांगोत. जमिनीचे वाद, पाण्याचे वाद, जातीचा अभिमान, सहकाराची सत्ता, ही सारी कारणे खरी असतील. परंतु माझे निश्चित मत असे आहे, आणि ते अतिशयोक्त वाटले तरी मी त्याचा एक शब्दही मागे घेणार नाही, की ज्या रात्री या महाराष्ट्रात पहिल्यांदा एका पाहुण्यासाठी कीर्तन थांबले त्या रात्रीपासून आपल्या सार्वजनिक जीवनाचा तोल गेला. गावात सर्वांनी मिळून मान तुकवावी अशी एक जागा शिल्लक होती. तीही आपण वाटून टाकली, आणि मग वाटण्यासारखे उरले ते फक्त वैर.

यावर दोन प्रकारचे आक्षेप येतात आणि दोहोंशी माझे भांडण आहे. एक पक्ष म्हणतो की संतांच्या अनुयायांनी राजकारणाचे नावच घेऊ नये, विठ्ठलाचे नाव घ्यावे आणि स्वस्थ बसावे. हा पक्ष इतिहास वाचीत नाही. साने गुरुजी समाजवादी होते, चळवळीतले होते, तुरुंगात गेलेले होते. आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून महिनोन्‌महिने महाराष्ट्रभर हिंडून, गावोगावची मने वळवून, मे १९४७ मध्ये त्यांनी पंढरपुरातच प्राणांतिक उपोषण आरंभिले. विरोध करणारे थोडे नव्हते आणि तेही विठ्ठलाचेच नाव घेत होते. त्या उपोषणाने मंदिर खुले झाले. ज्यांना अध्यात्म म्हणजे तटस्थता वाटते त्यांनी सांगावे की गुरुजी त्या दिवसांत तटस्थ होते काय? गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन आणि कीर्तनात प्रश्न विचारून उभा महाराष्ट्र हलविला, कोणालाही आपल्या पायाला हात लावू दिला नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा डॉक्टर आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. हेही काही स्वस्थ बसणे नव्हे.

दुसरा पक्ष अधिक बोलका आहे आणि अधिक घातक आहे. तो म्हणतो की दिवस युद्धाचे आहेत, प्रत्येक कीर्तनकाराने आपली बाजू गादीवरून जाहीर करावी, जो करणार नाही तो भित्रा. या मंडळींना मी १९०५ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाची आठवण देतो. गोपाळ कृष्ण गोखले आयुष्यभर राजकारणच करीत होते, आणि तरीही सार्वजनिक जीवनाला आध्यात्मिक अधिष्ठान मिळाले पाहिजे हा विचार त्यांनी त्या संस्थेच्या घटनेच्या प्रास्ताविकातच घातला. त्यांचे आणि लोकमान्यांचे मतभेद आजच्या कोणत्याही दोन पक्षांच्या मतभेदांहून सौम्य नव्हते. सुरतेला १९०७ मध्ये काँग्रेस दुभंगली, आणि १९१५ च्या आरंभी जहालांच्या पुनःप्रवेशाचा वाद पुन्हा भडकलेला होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत गोखल्यांचा अंत झाला, तेव्हा लोकमान्य सिंहगडावरून पुण्यास आले आणि स्मशानात त्यांनी आपल्या प्रतिपक्ष्याचा गौरव केला. त्यांनी आपले एकही मत सोडले नव्हते. मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिणाऱ्या पुरुषाला कर्म आणि द्वेष यांतील अंतर दुसऱ्या कोणी शिकवावे लागले नाही. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी रविवारी रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली, तीही राजकीय बंद्यांसमोर, ऐन लढ्याच्या धुमश्चक्रीत. परंतु ज्या सरकारने त्यांना कोंडले होते त्याच्याविषयीचा विखार त्या प्रवचनांत शोधून सापडत नाही. पक्ष असावा, मत असावे, त्यासाठी कारावासही सोसावा. गादीवर मात्र तो पक्ष चढवू नये, इतकेच माझे म्हणणे आहे, आणि ते यापेक्षा स्पष्ट मला सांगता येत नाही.

व्यासपीठाचे धैर्य कसे असते हे पाहावयाचे असेल तर १९७५ चे कऱ्हाडचे साहित्य संमेलन आठवावे. आणीबाणी चालू होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण हे केंद्र सरकारात मंत्री होते. आणि अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीचे विरोधक जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीला आराम पडावा म्हणून त्या सभेत प्रार्थना घडवून आणली. घोषणा नव्हे, निषेधाचा ठराव नव्हे, एका आजारी माणसासाठी प्रार्थना! सत्तेला जे भाषणाने झोंबले नसते ते त्या प्रार्थनेने झोंबले. पुढे दुर्गाबाईंना कारावास घडला.

आता माझ्या आजोबांविषयी थोडे बोलतो. विषयांतर वाटले तरी क्षमा असावी. ते आमच्या गावच्या सप्ताहात मध्यरात्रीच्या पहाऱ्याचे विणेकरी होते. सप्ताहात वीणा खाली ठेवावयाची नसते, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा परस्परांच्या पाया पडतात. वय, जात, श्रीमंती यांचा तेथे प्रश्न नसतो. १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर झाली. आजोबा काँग्रेसचे, आणि त्यांच्यानंतरचा पहारा ज्यांचा होता ते वरच्या आळीतील एक शेतकरी, संयुक्त महाराष्ट्र समितीचे कडवे कार्यकर्ते. दोघांत बोलणे बंद होते, बांधाचा जुना कज्जाही होता. मी लहान होतो, झोप आवरत नव्हती, तरी गॅसबत्तीच्या उजेडात मी ते पाहिले आहे: आजोबांनी वीणा उतरवून त्यांच्या गळ्यात घातली, दोघे एकमेकांच्या पायांपर्यंत वाकले, बुक्का लावला आणि एक शब्द न बोलता आजोबा घरी आले. सकाळी दोघेही आपापल्या उमेदवारासाठी बाहेर पडले. पश्चिम महाराष्ट्रात त्या वेळी समितीची सरशी झाली. आजोबांना ते लागले, पण त्यांचा पहारा चुकला नाही आणि त्या शेतकऱ्याचाही चुकला नाही.

हे पहारे तेव्हा वहीत लिहिलेले असत. शाळामास्तरांच्या वळणदार अक्षरात तिथी, प्रहर, विणेकऱ्याचे नाव, टाळकऱ्यांची नावे, अशी ती वही दरसाल देवळाच्या कोनाड्यातून निघे. माझी आपणांस कळकळीची प्रार्थना आहे की आपल्या गावची अशी वही असेल तर ती रद्दीत जाऊ देऊ नका, वाळवीला देऊ नका, आमच्या संस्थेकडे किंवा तालुक्याच्या वाचनालयाकडे जपून ठेवण्यासाठी द्या. विद्यापीठातील संशोधक गाथांची हस्तलिखिते शोधीत हिंडतात हे योग्यच आहे. पण एकमेकांविरुद्ध मते देणारी माणसे एका रात्रीत एकामागून एक कोणत्या क्रमाने उभी राहिली याचा पुरावा त्या वह्यांत आहे, आणि तो पुरावा दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

कोणी म्हणेल की हे सारे जुन्या भावुकतेचे गाणे झाले, तंटे होणारच, त्यांचे काय करावयाचे? तर तंट्याची व्यवस्था वारीने केव्हाच लावून ठेवलेली आहे. शिंद्यांच्या पदरी असलेले हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउलींच्या पालखीसोहळ्याला जी शिस्त दिली ती आजही चालते. मुक्कामाच्या तळावर पालखी पोचली की समाज आरतीसाठी दिंड्या सभोवार उभ्या राहतात; चोपदार दंड उंचावतात आणि सहस्रावधी टाळ एका क्षणात निःशब्द होतात. परंतु ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवीत नाही, वाजवीतच राहते. चोपदार त्या आवाजाच्या रोखाने जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, आणि मगच आरती. फिर्यादीला दाबून टाकले जात नाही आणि फिर्यादी वेगळी पालखीही काढीत नाही. ज्या समाजाने भर उन्हातून चालून आलेल्या, भुकेल्या, थकलेल्या लाखांच्या मेळ्यात एका दिंडीची तक्रार ऐकेपर्यंत देवाची आरती थांबवली, त्या समाजाला कीर्तन मात्र एका मोटारीसाठी थांबवावे लागते, हे मला सहन होत नाही!

माझ्या दिंडीचा टाळ वाजतो आहे, सज्जनहो, आणि तो ऐकून घेतल्यावाचून हे अधिवेशन संपू नये असा माझा आग्रह आहे. उद्या सकाळी काकड्यानंतर खुले अधिवेशन भरेल तेव्हा अध्यक्षीय अधिकारात तो ठराव मी स्वतः मांडणार आहे. मतदान गुप्त होणार नाही, हात वर करून होईल, आणि विरोध करणाऱ्यांची नावे बाजूने बोलणाऱ्यांच्या नावांइतक्याच आदराने इतिवृत्तात लिहिली जातील. आज रात्रीच्या कीर्तनाला काही मान्यवर येणार असल्याचे स्वागत समितीने मला कळविले आहे. कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांचे मनःपूर्वक स्वागत आहे. त्यांनी साडेआठपर्यंत यावे, सत्कार तेव्हाच आटोपावेत, आणि नऊ वाजता बुवा गादीवर उभे राहिले की त्यांनीही सतरंजीवर सर्वांबरोबर बसावे. टाळ कमी पडणार नाहीत, मी तशी व्यवस्था केली आहे.