हातावरचा नायटा आणि हातातला फोन



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा संप, पगारवाढ किंवा बोनस यांपैकी काही येईल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही कळवले, ‘कातडी’. त्यांना वाटले, हे गृहस्थ चामड्याच्या धंद्यावर बोलणार! म्हणून प्रथमच खुलासा करतो. आम्ही बोलणार आहोत ते तुमच्या-आमच्या अंगावरच्या कातडीविषयी, तिच्या दुखण्याविषयी, आणि ते दुखणे डॉक्टरांपर्यंत पोचविण्याच्या कामी खिशातला मोबाइल कोठे उपयोगी पडतो व कोठे दगा देतो, याविषयी. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरताना एक गोष्ट शिकलो. कामगार हात पुढे करून गाऱ्हाणे सांगू लागला, की त्याच्या बोलण्याइतकेच त्या हाताकडेही लक्ष द्यावे लागते.

सातारा-सांगलीच्या या पट्ट्यात जसा धंदा तशी कातडी. लेथवर उभ्या असणाऱ्या कामगाराचे हात दिवसभर कूलंटमध्ये भिजतात. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, मनगटावर पुरळ उठते. गवंड्याच्या तळहाताला सिमेंट खाते. सिमेंटमधल्या क्रोमची एकदा अ‍ॅलर्जी जडली, की ती वर्षानुवर्षे पाठ सोडीत नाही. तासगावच्या द्राक्षबागेत फवारणी करणाराच्या मानेवर आणि हातांवर औषधाचे तुषार बसतात. ऊस तोडणाऱ्या बाईचे हात पाचटाने चिरतात. बांधावर काँग्रेस गवत आहेच. १९५५ च्या सुमारास हे गवत पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. त्याच्यामुळे पापण्या, मान आणि कोपराच्या खोबणी सुजून खाजणारी माणसे आपल्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले; चिखलपाण्यात दिवस काढलेल्या माणसांना चिखल्या आणि नायटा किती छळतात, हे पूर पाहिलेल्या श्रोत्यांना आम्ही सांगायला नको.

मग ही माणसे डॉक्टरांकडे का जात नाहीत? जात नाहीत, कारण त्वचेचे डॉक्टर बहुधा सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज अशा ठिकाणीच भेटतात. मिरजेला रुग्णाने जाण्याची परंपरा जुनी आहे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तेथे रुग्णालय उघडले; १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पण जत किंवा माण तालुक्यातल्या मजुराला तेथवर जायचे म्हणजे एक दिवसाचा रोज बुडाला, एस. टी. चे भाडे गेले, आणि वर ऐकावे लागले की एवढ्या खाजेसाठी कशाला गेलास? खाजेला कोणी दुखणे मानीत नाही. त्यातून जांघेत किंवा छातीखाली नायटा असला, तर बाईमाणूस तो घरातही सांगत नाही.

अशा वेळी जवळ असते ते औषधाचे दुकान. दुकानदार एक ट्यूब देतो. त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बुरशीवरचे औषध, जंतूंवरचे औषध आणि जोरदार स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असतात. स्टेरॉइडने लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, म्हणून माणूस दुकानदाराला दुवा देतो. परंतु स्टेरॉइड बुरशी मारीत नाही. ते बुरशीशी झगडणाऱ्या शरीराचे हात बांधते. ट्यूब थांबली की नायटा दुप्पट पसरतो. कातडी पातळ होते, तिच्यावर चिरा पडतात, आणि नायट्याचे रूप असे बदलते की डॉक्टरांनाही तो ओळखणे जड जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइडे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे ती असलेली मलमे चिठ्ठीवाचून विकायची नाहीत. हाती असलेली औषधे लागू पडेनाशी झालेली एक चिवट बुरशी २०२० साली शास्त्रज्ञांनी नोंदविली आणि तिच्या नावातच हिंदुस्थानचे नाव घातले: ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. परदेशातही आता ती सापडते. हा असा लौकिक आपल्याला नको होता.

या सगळ्यात फोन कोठे बसतो? आमच्या मते त्याची जागा पोस्टाच्या दारात बसणाऱ्या लिहिणाऱ्याची आहे. सातारा जिल्ह्यातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या ज्या माणसाला लिहिता येत नसे, तो अशा लिहिणाऱ्याकडून गावी पत्र धाडी. लिहिणारा मजकूर नीट उतरवून देई आणि पत्ता बरोबर घाली. पण शेत विकावे की ठेवावे, हे तो ठरवीत नसे. फोनकडून आपण एवढेच काम घ्यावे. दुखण्याचे पत्र त्याने चांगले लिहावे आणि योग्य पत्त्यावर पोचवावे.

पत्ता कोणता? सरकारची ‘ई-संजीवनी’ ही सेवा एप्रिल २०२० पासून घरबसल्या वापरता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत. ज्याच्याजवळ चांगला फोन नाही, त्याने गावच्या आरोग्य उपकेंद्रात जावे. आता त्याच्यावर आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी दिसेल. तेथील अधिकारी आपल्या यंत्रावरून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलणे करून देतात. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत या सेवेतून दहा कोटींवर सल्ले दिले गेले होते. खाजगी अ‍ॅपेही पुष्कळ आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. फक्त तीन प्रश्न विचारावेत. समोरच्या डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक काय? सल्ला देणारा आणि मलम विकणारा एकच आहे काय? आणि आमचा फोटो तुम्ही कोठे ठेवता, कोणाला दाखविता? पहिल्या प्रश्नाला जो अडखळेल, त्याच्यापुढे आपण अंग उघडू नये.

याबाबत कायद्याचे म्हणणे स्वच्छ आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दुरून उपचार करण्याचे नियम प्रसिद्ध केले. डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दाखविला पाहिजे. पहिल्याच भेटीत, तीही चित्रफोनवर झाली तर, क्लोट्रिमॅझोल, कॅलामाइन, खरजेवरचे बेंझिल बेंझोएट अशी काही लावण्याची औषधे त्यांना लिहून देता येतात. आणि यंत्राच्या बुद्धीवर चालणाऱ्या अ‍ॅपाने रुग्णाला स्वतः सल्ला देऊ नये व औषध लिहू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे.

हा शेवटचा नियम ठेवण्यास कारण आहे. ‘फोटो द्या, रोगाचे नाव घ्या’ असे सांगणारी अ‍ॅपे निघाली आहेत. यंत्र शिकते ते त्याला दाखविलेल्या चित्रांवरून, आणि ती चित्रे बहुतांशी गोऱ्या अंगाची. २०२२ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी निरनिराळ्या वर्णांच्या माणसांची ६५६ छायाचित्रे जमवून अशा यंत्रांची परीक्षा घेतली. तेव्हा काळ्या-सावळ्या कातडीवर यंत्रे अधिक चुकली. गोऱ्या अंगावर जी जागा लाल दिसते, ती आपल्या अंगावर काळपट किंवा जांभळट दिसते. ज्याने सावळा हात फारसा पाहिलेला नाही, त्याच्यावर आपल्या हाताचा निवाडा कसा सोपवावा?

शिवाय फोटोला डोळा असला तरी बोट नाही. अंगावर फिकट चट्टा दिसला, तर प्रश्न रंगाचा नसतो. तेथे स्पर्श कळतो की नाही, हा असतो. चट्टा बधिर असेल तर महारोगाची शंका घ्यावी लागते, आणि ती परीक्षा माणसाच्या हातानेच होते. त्या रोगाचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि वेळेवर घेतले तर रोग पुरा बरा होतो. पण फोनवर ‘साधे कोड’ असे नाव मिळून वर्ष वाया गेले, तर बोटे जाण्याची पाळी येते. तसेच औषध घेतल्यावर तोंडात व डोळ्यांत फोड आले, तापाबरोबर सूज भराभर पसरू लागली, किंवा तीळ वाढून रक्त येऊ लागले, तर अ‍ॅप उघडीत बसू नये. रुग्णालयाची वाट धरावी.

आता पत्र कसे लिहावे ते सांगतो, कारण वाईट फोटोवर चांगला डॉक्टरही आंधळा ठरतो. काच पुसून घ्यावी. कामगाराच्या फोनवर तेल असते आणि गृहिणीच्या फोनवर पीठ. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फोटो काढावा, फ्लॅश टाळावा. चेहरा गोरा करणारी सोय बंद करावी. डॉक्टरांना स्थळ दाखवायचे नसून दुखणे दाखवायचे आहे. एक फोटो लांबून, एक जवळून, शेजारी रुपयाचे नाणे ठेवून, म्हणजे आकार कळेल. उजवा हात दुखत असला तरी दोन्ही दाखवावेत. लावलेल्या ट्यूबचाही फोटो द्यावा. ती लपविली तर निदानच चुकते. आणि तारीख व त्या दिवशी काय काम केले, हे दोन शब्दांत लिहून ठेवावे.

या तारखेचे मोल आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एका इंजिनियरिंग कारखान्यातला आमचा सभासद हाताच्या इसबाने बेजार होता. व्यवस्थापनाचे म्हणणे, ‘हे घरचे दुखणे, साबण बदला.’ त्याच्या मुलीने दोन महिने दर दोन-तीन दिवसांनी बापाच्या हाताचे फोटो काढले. ते ओळीने लावले तेव्हा सोमवारी कातडी बरी, शनिवारी फुटलेली, आणि गणपतीच्या सुट्टीत जवळजवळ साफ! त्वचेच्या डॉक्टरांनी ती ओळ पाहून त्यास प्रत्यक्ष बोलावले, पाठीवर पट्ट्या चिकटवून अ‍ॅलर्जीची परीक्षा केली, आणि कूलंटकडे बोट दाखविले. पुढे हातमोजे बदलले, कामही बदलून मिळाले. आम्ही दहा सभांत जे पटवू शकलो नसतो, ते त्या मुलीच्या फोटोंनी पटविले.

रसायनांच्या आणि रंगांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग कारखाना कायद्याच्या यादीत होता. २०२५ च्या नोव्हेंबरात त्या कायद्याच्या जागी जी नवी संहिता लागू झाली, तिच्या यादीतही तो आहे. पण यादीतला रोग पुराव्यावाचून यादीतच राहतो. आजवर कामगाराची कातडी रात्री खाजे आणि सकाळी त्याचे कोणी ऐकत नसे. आता तिची रोजची नोंद त्याच्या स्वतःच्या खिशात राहू शकते. फोनचा हा उपयोग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

फोन घरात एकच असतो आणि तो बहुधा मुलाच्या हाती असतो, ही अडचण आम्ही जाणतो. बाईने आपल्या अंगाचा फोटो कोणाकडून काढवावा? म्हणून आमची सूचना अशी की बचत गटाच्या बायकांनी आपल्यातल्या एकीला हे काम शिकवावे, आणि डॉक्टरांकडे पोचल्यावर फोटो त्या फोनवर ठेवू नयेत. युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी. एक जाणता मुलगा, एक वही, उजेडाची एक खिडकी. यापलीकडे खर्च नाही.

कातडी ही गरिबाची एकमेव कापडे अशी आहेत, जी फाटली तर बाजारात नवी मिळत नाहीत. ती सांभाळण्यासाठी नवे साधन हाती आले आहे, तर ते अवश्य वापरा. मात्र फोन डॉक्टरांपुढे धरा, डॉक्टरांच्या जागी धरू नका.