प्लगची गाडी आणि आपलं पार्किंग
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांत पाण्यावरून झाली नसतील तेवढी भांडणं गेल्या दोन वर्षांत आपल्याकडे गाडीच्या चार्जिंगवरून झाली. कमिटीने मला 'काहीतरी माहितीपर' बोलायला सांगितलंय. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस माहिती द्यायला उभा राहिला की हिशेबावरच येतो, तेवढं सांभाळून घ्या.

२०१७ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे, इंग्लंडात रेडिंगला होतो. जावयांना गाडी बदलायची होती. त्यांच्या मनात होती मित्सुबिशीची आउटलँडर पीएचईव्ही. २०१४ साली ती तिथे विकायला आली आणि पुढची काही वर्षं ब्रिटनमधली सर्वाधिक खपाची प्लग-इन गाडी होती. म्हणजे असं, की गाडीत बॅटरी आहे, ती घरच्या प्लगवर चार्ज करायची, आणि बॅटरी संपली की दोन लिटरचं पेट्रोल इंजिन आहेच. आपल्याकडे 'हायब्रिड' म्हणून ज्या इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा दिसतात, त्यांना प्लग नसतो. त्यांची बॅटरी गाडी स्वतःच भरते. मागच्या सभेत या दोन्हींची गल्लत होऊन अर्धा तास गेला, म्हणून आधीच सांगतो.

शोरूममधल्या मुलाने मलाही चालवून बघा म्हटलं. आपलं लायसन्स तिथे पाहुण्याला वर्षभर चालतं, आणि स्टिअरिंगही आपल्यासारखं उजवीकडे. बटण दाबलं, काहीच झालं नाही. मी परत दाबणार, तेवढ्यात जावई म्हणाले, "बाबा, चालू झालीये." आवाजच नाही! गिअर बदलायचे नाहीत. स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या असतात, त्यांनी पाय उचलल्यावर गाडी किती आवळून धरायची ते ठरवता येतं. जास्त आवळली की तेवढी वीज बॅटरीत परत जाते. उतारावर माझा पाय ब्रेकवर जवळजवळ गेलाच नाही. पुढे-मागे एकेक मोटर, जवळपास १८५० किलोची गाडी, पण सिग्नलवरून हलकी निघाली. मोटरवेवर चढताना जोरात दाबलं तेव्हा कुठे इंजिन जागं झालं, तेही दुसऱ्या खोलीत मिक्सर लावल्यासारखं.

आता माहितीपत्रक. त्यात लिहिलं होतं, नुसत्या बॅटरीवर साधारण ३३ मैल, आणि एका गॅलनला दीडशे मैलांहून जास्त. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा. म्हणजे लिटरला ५३ किलोमीटर! इतकं मायलेज तर आमच्या जुन्या स्कूटरनेही दिलं नाही. मी घरी येऊन हा आकडा सोडवत बसलो. त्या वेळच्या युरोपीय नियमाची मेख अशी, की गाडी बॅटरीवर ५२ किलोमीटर जाते आणि त्यानंतर पेट्रोलवर फक्त २५ किलोमीटर चालते, असं धरायचं. पेट्रोल जळलं २५ किलोमीटरचं, भागायचं मात्र ७७ किलोमीटरला. लिटरला सतराची गाडी कागदावर तिप्पट झाली. यात खोटं काही नाही, नियम सगळ्याच कंपन्यांना तोच. पण हा आकडा रोज रात्री प्लग लावणाऱ्याचा आहे. जो लावणार नाही त्याला सतराच, आणि वर बॅटरीचं ओझं फुकट वाहायचं.

आणि न लावणारे पुष्कळ निघाले! सरकार या गाडीला अडीच हजार पौंड अनुदान देत होतं, कंपनीच्या गाडीवर करही कमी. पुढे तिथल्या बातम्यांत आलं, की भाड्याची मुदत संपून काही गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल प्लास्टिकच्या वेष्टनातच होती. मला आमची खेड्यातली शाखा आठवली. आयआरडीपीत म्हैस मंजूर व्हायची, कानाला विम्याचा बिल्ला लागायचा, आणि महिन्याने पाहणीला गेलं तर गोठ्यात नुसता दावा. अनुदान वस्तूला मिळतं, वापराला नाही.

जावयांचं ऑफिस स्लावला, जवळजवळ वीस मैलांवर. मोटरवेवर बॅटरी लवकर उतरते, थंडीत हीटरही लागतो, म्हणून मी पंचवीस मैलच धरले. जाणं विजेवर, येताना निम्म्याहून जास्त रस्ता पेट्रोलवर. ऑफिसात प्लग मिळाला तर दोन्हीकडे वीज. घराला स्वतःची पार्किंगची जागा होती, म्हणून रात्रीचा प्रश्न नव्हता. त्याच रस्त्यावर चाळीवजा घरांच्या रांगा आहेत, तिथले लोक गाडी रस्त्यावर लावतात. खिडकीतून वायर सोडून फुटपाथवरून नेणार कशी? त्यांच्यासाठी ही गाडी नव्हतीच.

खरी अडचण दुसरीच होती. याच गाडीच्या डिझेल मॉडेलमध्ये सात जण बसायचे. हिच्यात मागची मोटर वगैरे असल्याने तिसरी रांग नाही, पाचच जण. मुलगी, जावई, दोन नातवंडं आणि आम्ही दोघं, म्हणजे सहा. त्यावर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही वर्षातून दोन महिने येता, ऑफिस रोज असतं." हिशेब बरोबरच होता, मीच तिला शिकवलेला. आमच्या सौ. म्हणाल्या, "घ्या, आम्ही मागून टॅक्सीने येऊ." गाडी घेतली. आम्ही पुढच्या वेळी गेलो तेव्हा खरोखर टॅक्सीने मागून गेलो.

आपल्याकडे अशी प्लगची-पेट्रोलची गाडी म्हणजे मोजक्या महागड्या परदेशी गाड्या. पण पूर्ण विजेच्या गाड्या आता आपल्या गेटमधून आत येतायत, आणि प्रश्न तोच आहे, रात्री प्लग कुठे? बी विंगमधल्या एका तरुण जोडप्याने गाडी बुक करून पुन्हा रद्द केली, परवानगी मिळेना म्हणून. मला ते बरं वाटलं नाही. ज्येष्ठांचं म्हणणं, कॉमन मीटरचं बिल आम्ही का भरायचं? रास्त आहे. म्हणून वायर ज्याच्या त्याच्या मीटरवरूनच यावी आणि खर्चही त्याचाच. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या चालू जोडणीवरून चार्जिंगला मुभा दिलेली आहे. भार म्हणाल, तर ती आउटलँडर साध्या प्लगवर पाच तास घ्यायची, म्हणजे एक गिझर पाच तास चालू. पूर्ण विजेच्या गाडीला तास जास्त लागतील. एकाने लावला तर काही नाही. चाळीस जणांनी एकाच रात्री लावले तर मात्र आपली मुख्य केबल तपासावीच लागेल. आगीची भीती मीही हसण्यावारी नेणार नाही. अर्थिंग नीट, प्रत्येकाला वेगळा ब्रेकर, आणि एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नाही, या तीन गोष्टी परवानगीपत्रातच लिहा. कर्ज देताना आम्ही अटी घालायचो, अर्ज दाबून ठेवत नव्हतो.

मीटररूमची किल्ली सेक्रेटरीसाहेबांकडे आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला इलेक्ट्रिशियन भार मोजायला येतोय. ज्यांच्या शंका असतील त्यांनी खाली या, मी असेनच.