चिलखती गाड्यांची ओळख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मसुदा)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्यानंतर आमच्यासारख्या एका निवृत्त रेल्वे हिशेबनिसाने उभे राहावे आणि तेही प्लास्टिकच्या चिलखती गाड्यांविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. आम्ही सैनिक नव्हे. आमचा सारा जन्म जमाखर्चाच्या वह्यांत गेला. तथापि गेली तीस वर्षे फावल्या वेळात आम्ही लष्करी गाड्यांच्या लहान प्रतिकृती करीत आलो, आणि या छंदाने आम्हांला एक धडा दिला. तोच आज आपल्यापुढे मांडावा असे वाटते.

विषय परका वाटू नये म्हणून घरच्याच गोष्टीपासून आरंभ करतो. दिवाळीत आपल्या मंडळाच्या आवारात मुले मातीचा किल्ला करतात. वस्तुतः ही प्रतिकृतीच होय. मुले दगडमाती रचतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात आणि किल्ल्याला नाव देतात. आपल्यातील जाणती मंडळी मात्र लगेच विचारतात, ‘राजगड म्हणता, मग पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या कुठे आहेत? चहूबाजूंनी पाणी दाखविले आहे, मग हा सिंधुदुर्ग तर नव्हे?’ मुले थोडी हिरमुसतात, पण पुढच्या वर्षी तीन माच्या बरोबर होतात. किल्ला म्हणजे कोणताही किल्ला नव्हे, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. गाडी म्हणजे कोणतीही गाडी नव्हे, हे मात्र आम्हांला उशिरा उमगले.

पायदळाच्या जवानांना गोळ्यांपासून आणि तोफगोळ्यांच्या कपच्यांपासून वाचवीत रणांगणापर्यंत नेणारी, पट्ट्यांवर चालणारी पेटी म्हणजे चिलखती जवानवाहक गाडी. या वर्गात अमेरिकेची एम-११३ सर्वांत प्रसिद्ध आहे. ही गाडी १९६० साली अमेरिकी सैन्यात दाखल झाली. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असून प्रत्येक बाजूला पाच चाके आहेत. तिचा आकार इतका साधा, की शाळकरी मुलगाही चार रेघांत काढील. सर्व प्रकार मिळून ऐंशी हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या आणि त्या अनेक देशांच्या सैन्यांत गेल्या. याच साधेपणामुळे तिची भावंडे ओळखताना भले भले फसतात.

मूळ गाडीत पेट्रोलवर चालणारे इंजिन होते. पेट्रोल लवकर पेट घेते, म्हणून १९६४ साली डिझेल इंजिनाची एम-११३ ए-१ आली. बाहेरून पाहता या दोघींतला फरक मुख्यतः छतावरील जाळ्या आणि धुराडे यांच्या मांडणीत आहे. बाजूने काढलेल्या छायाचित्रात तो दिसेलच असे नाही. १९७९ साली ए-२ आली. तिच्यात इंजिन थंड ठेवण्याची आणि धक्के सोसण्याची व्यवस्था सुधारली. १९८७ साली अधिक शक्तीच्या इंजिनाची ए-३ आली. तिच्या इंधनाच्या टाक्या आतून काढून मागील दाराच्या दोन्ही अंगांना बाहेर चिलखती पेट्यांत बसविल्या. आत बसलेल्या जवानांजवळ इंधन नको, हे त्यामागचे कारण. अशा टाक्या काही ए-२ गाड्यांनाही लावलेल्या आढळतात. म्हणून केवळ टाक्या पाहून ‘ही ए-३’ असा निकाल देता येत नाही.

याच सांगाड्यावर उभारलेले निराळे प्रकार ओळखणे त्या मानाने सोपे आहे. चालकाच्या मागे छत एकदम उंच झालेले दिसले, की ती एम-५७७, म्हणजे अधिकाऱ्यांना उभे राहून नकाशे पाहता यावेत म्हणून केलेली फिरती कचेरी. डाव्या अंगाला बाहेरून उखळी तोफेची बैठक टांगलेली दिसली, तर ती एम-१०६. छतावर अनेक नळ्यांची फिरती तोफ दिसली, तर ती विमानांवर मारा करणारी एम-१६३.

येथे एक घटना सांगितली पाहिजे. २ जानेवारी १९६३ रोजी दक्षिण व्हिएतनाममध्ये ॲप बाक येथे लढाई झाली. दक्षिण व्हिएतनामी सैन्याच्या एम-११३ गाड्या शेतांतून पुढे सरकल्या. गाडी चिलखती होती खरी, परंतु वरची मशिनगन चालविणारा जवान झडपेतून कमरेपर्यंत उघडा उभा राही. अशा अनेक जवानांना त्या दिवशी प्राण गमवावे लागले. त्यानंतर बंदुकीभोवती पोलादी ढाली बसविण्यास आरंभ झाला. पुढे अमेरिकी सैन्यानेही ती कल्पना उचलली आणि मागील झडपेच्या दोन्ही अंगांना आणखी दोन बंदुका त्यांच्या ढालींसह आल्या. आज बाजारात मिळणाऱ्या एम-११३ च्या अनेक संचांत या ढाली असतात. हौशी माणसाला वाटते, सुटे भाग आहेत तर लावून टाकू, गाडी अधिक रुबाबदार दिसेल! पण प्रतिकृती कोणत्या गाडीची करतो आहोत? १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत पाकिस्तानी सैन्याकडेही एम-११३ होत्या. त्या युद्धांचे दृश्य मांडताना व्हिएतनामच्या ढाली केवळ शोभेसाठी चढविल्या, तर तो इतिहासाचा विपर्यास होईल. ज्या ढालीमागे माणसांचे मरण आहे, ती अलंकार म्हणून वापरू नये, असे आम्हांला वाटते. आणि १९७१ च्या दृश्यात ए-२ किंवा ए-३ मांडणे म्हणजे तर पानिपतावर आगगाडी आणण्यासारखे आहे.

हे शहाणपण आम्हांला पुस्तकातून आले नाही. ते कसे आले, ते आता सांगतो.

आपल्या मंडळात लष्करी नोकरीच्या निमित्ताने इकडे येऊन स्थायिक झालेली काही कुटुंबे आहेत. त्यांतील एका ज्येष्ठ भगिनींचे यजमान पायदळात हवालदार होते. ते निवर्तल्यानंतर त्या एकदा आमच्या घरी आल्या असता कपाटातील गाड्या पाहून म्हणाल्या, ‘भाऊ, आमचे हे ज्या गाडीत असत, तिची एक करून द्याल का? नातवाला दाखवीन म्हणते.’ गाडीचे नाव त्यांना ठाऊक होते, बीएमपी. आम्ही उत्साहाने होकार दिला. आमच्याजवळ बीएमपी-२ चा संच होता. भारतात मेदकच्या आयुध कारखान्यात ‘सारथ’ या नावाने बनलेली ती हीच गाडी. दोन महिने खपून आम्ही ती तयार केली, रंगविली आणि मोठ्या अभिमानाने त्यांच्या हाती दिली.

त्यांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि संकोचाने विचारले, ‘ह्यांची जागा कुठली हो यात?’ आम्ही वरच्या फिरत्या टरेटवर, उजवीकडच्या झडपेवर बोट ठेवले. त्या म्हणाल्या, ‘नाही भाऊ. ते नेहमी सांगायचे, आमची जागा खाली, चालकाच्या पाठीला. वर एकटा तोफवाला असतो.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी एक छायाचित्र आणले. वाळवंटातील सराव होता. चित्रात गाडीचा केवळ पुढचा डावा भाग आला होता. चालकाच्या मागच्या झडपेतून हवालदारसाहेब छातीपर्यंत बाहेर आले होते आणि हसत होते. मागे त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, ‘फेब्रुवारी १९८१’.

बंधुभगिनींनो, आमची मान खाली गेली. वयाने आणि मानाने थोर असलेल्या त्या बाईंनी जे नवऱ्याच्या बोलण्यातून जपले होते, ते आम्ही ग्रंथ चाळूनही ध्यानात घेतले नव्हते. बीएमपी-१ ही सोव्हिएत सैन्यात १९६६ साली आली. जवानांना नुसते वाहून न नेता त्यांच्यासह लढणारी गाडी म्हणून तिची गणना पायदळाच्या लढाऊ गाड्यांत होते. तिच्या टरेटमध्ये एकटा तोफचीच बसतो आणि गाडीचा प्रमुख खाली, चालकाच्या मागे असतो. एकट्या तोफचीवर फार भार पडतो आणि प्रमुखाला खालून चौफेर दिसत नाही, हे अनुभवाने कळले. म्हणून १९८० च्या सुमारास आलेल्या बीएमपी-२ मध्ये टरेट रुंद करून प्रमुखाला वर तोफचीच्या शेजारी नेले, आणि चालकामागच्या जागी एक जवान बसू लागला. आपल्याकडे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री रेजिमेंट उभी राहिली १९७९ साली, तेव्हा तिच्यापाशी बीएमपी-१ होत्या. बीएमपी-२ आपल्या सैन्यात त्यानंतर काही वर्षांनी आली. म्हणजे १९८१ सालचा तो हवालदार आमच्या प्रतिकृतीत बसणेच शक्य नव्हते. आम्ही त्यांची म्हणून जी गाडी केली, तिच्यात त्यांनाच जागा नव्हती!

आम्ही ती गाडी परत आणली आणि नव्याने अभ्यासाला बसलो. त्या वेळी वहीत टिपलेल्या खुणा येथे सांगतो, कारण घरातील तरुणांना त्या उपयोगी पडतील.

बीएमपी-१ आणि बीएमपी-२ या दोघींनाही प्रत्येक बाजूला सहा चाके, वर पट्टा पेलणाऱ्या तीन लहान चाक्या आणि होडीसारखे निमुळते तोंड आहे. म्हणून खालून पाहू नये, वरून पाहावे. बीएमपी-१ ची तोफ ७३ मिलिमीटरची, आखूड आणि जाड. बीएमपी-२ ची ३० मिलिमीटरची, लांब आणि सडपातळ. बीएमपी-१ चे टरेट लहान शंकूसारखे आणि एका झडपेचे. बीएमपी-२ चे पसरट आणि दोन झडपांचे. बीएमपी-१ मध्ये रणगाडाविरोधी क्षेपणास्त्राची पट्टी तोफेच्याच वर असते. बीएमपी-२ मध्ये क्षेपणास्त्राची नळी टरेटच्या माथ्यावर असते. मागील छतावर बीएमपी-१ ला चार झडपा, बीएमपी-२ ला दोनच. जवान पहिलीत आठ, दुसरीत सात. त्यामुळे आतून गोळ्या झाडण्यासाठी ठेवलेली भोके, ज्यांना आपण किल्ल्याच्या तटावर जंग्या म्हणतो, तीही दोघींची सारखी नाहीत.

आता यातही एक चकवा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बीएमपी-१ चीच बीएमपी-१पी ही सुधारित आवृत्ती निघाली. तिची तोफ आखूडच, परंतु वरची पट्टी गेली आणि क्षेपणास्त्राची नळी माथ्यावर आली. केवळ नळी पाहणारा तिला बीएमपी-२ म्हणेल. अगदी आरंभीच्या बीएमपी-१ चे तोंडही थोडे आखूड होते. पाण्यात तोल नीट राहावा म्हणून ते पुढे लांबविले. यास्तव एका खुणेवर कधी विसंबू नये. निदान तीन खुणा जुळाव्यात, आणि त्या तारखेशी व स्थळाशी विसंगत नसाव्यात. हिशेबनिसाच्या भाषेत सांगायचे, तर नोंद आणि पावती यांचा मेळ बसला पाहिजे.

म्हणून आमची रीत आता अशी आहे. प्रथम छायाचित्र कोणत्या साली, कोठे आणि कोणत्या सैन्याचे आहे ते ठरवितो. मग चाके मोजतो, त्यानंतर टरेट आणि तोफ पाहतो आणि शेवटी छतावरील झडपा व जाळ्या तपासतो. संचाच्या खोक्यावरील रंगीत चित्राला पुरावा मानीत नाही. त्यानंतर मापे. आमच्या संचांचे प्रमाण बहुधा पस्तीसास एक असते. साधारण ६.७४ मीटर लांबीची बीएमपी त्या प्रमाणात सुमारे १९.३ सेंटिमीटर भरते आणि ४.८६ मीटरची एम-११३ सुमारे १३.९ सेंटिमीटर. या हिशेबात खरा इंच म्हणजे प्रतिकृतीतले पाऊण मिलिमीटरही नव्हे. तेव्हा अमुक खिळा अर्ध्या मिलिमीटरने सरकला म्हणून झोप उडवून घेऊ नये. परंतु झडप चारऐवजी दोन झाली, तर ती माफ करू नये, कारण झडपेखाली माणूस बसतो. आणि जे छायाचित्रात दिसत नाही, ते मनाने रचू नये. गाडीचा क्रमांक ठाऊक नसेल, तर ती जागा कोरी ठेवावी.

त्या भगिनींसाठी आम्ही बीएमपी-१ नव्याने केली. तिला पाच महिने लागले. चालकामागची झडप उघडी ठेवली आणि तीत छातीपर्यंत बाहेर आलेला एक हवालदार बसविला. क्रमांकाची जागा कोरी ठेवली. त्यांनी गाडी हाती घेतली, काही बोलल्या नाहीत, फक्त त्या झडपेवर बोट फिरविले. आता त्यांचा नातू घरी येणाऱ्या प्रत्येकाला मागच्या चार झडपा मोजून दाखवितो, आणि मग आजोबांची पाचवी.

आपण मुलखापासून दूर राहतो. आपल्या घरांतल्या पुष्कळ आठवणी एखादे छायाचित्र, एखादे पदक, कोणी तरी सांगितलेले एखादे वाक्य एवढ्यावरच टिकून आहेत. त्या पुढच्या पिढीच्या हाती देताना ‘साधारण अशीच असेल’ असे म्हणून भागवू नये, एवढीच आमची विनंती आहे. सुट्टीत गावी जाल तेव्हा मुलांना अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला न्यावे. १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालय तेथे आहे. गाडीभोवती फिरून चाके मोजण्याची सवय तेथे चांगली लागते. आणि घरात कोणी सैन्यात असतील, तर त्यांना आजच विचारून ठेवावे, ‘काका, तुमची जागा कुठली होती?’



जय हिंद, जय महाराष्ट्र.