तीन देऊन एक घ्यावा का?

कुणी लोकलमध्ये लटकलेलं असेल, कुणी हिंजवडीच्या सिग्नलला अडकलेलं असेल, कुणी आत्ता कुठे भांडी घासायला घेतली असतील. जिथे असाल तिथे, स्वागत.

आज एकच प्रश्न. बास्केटबॉलच्या टीमने आपले तीन-चार चांगले खेळाडू देऊन एक सुपरस्टार घ्यावा का? आपल्या ग्रुपवर यावरून दर सीझनला भांडणं होतात. खरं सांगू का, मी याचं उत्तर आधीच ठरवून बसलो होतो: नाही, घेऊ नये. पण त्याचं कारण बास्केटबॉल नव्हतं.

झालं असं. मागच्या वर्षी आमच्या प्रोजेक्टवर सात जण होतो. मॅनेजरना एक मोठा आर्किटेक्ट हवा होता, अगदी नाव असलेला माणूस. बजेट तेवढंच. मग तिघांना दुसऱ्या प्रोजेक्टवर सोडलं आणि तो एक आला. त्या तिघांतला मी एक. मला कुणी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी कॅलेंडर उघडलं, तर रोजच्या स्टँडअपचं इन्व्हाइट गायब! तीन वर्षांचं काम, आणि निरोप कुणाचा, तर कॅलेंडरचा.

तेव्हापासून असा ट्रेड दिसला की मी दिलेल्या खेळाडूंच्या बाजूने. पण या भागासाठी जुने ट्रेड परत काढून बसलो, आणि माझं उत्तर जरा हललं. कसं, ते सांगतो.

आधी साधा हिशोब. क्रिकेटमध्ये अकरा जण. टी-ट्वेंटीत बुमराहलासुद्धा चारच ओव्हर मिळतात, आणि विराट पहिल्या बॉलवर आउट झाला तर त्या दिवशीची त्याची बॅटिंग संपली. बास्केटबॉलमध्ये कोर्टवर फक्त पाच. एनबीएची मॅच ४८ मिनिटांची, म्हणजे पाच जणांची मिळून २४० मिनिटं. त्यात सुपरस्टार प्लेऑफमध्ये चाळीसेक मिनिटं खेळतो, आणि हवं तर प्रत्येक वेळी बॉल त्याच्याच हातात देता येतो. म्हणून १५ पॉइंटवाले दोन म्हणजे ३० पॉइंटवाला एक, असं होत नाही. दोघांना दोन जागा लागतात, एकाला एकच. उरलेल्या जागेवर तुम्ही आणखी कुणाला तरी उभं करू शकता.

पण कुणाला? सगळी गोम तिथेच आहे.

आता एक ट्रेड बघू. फेब्रुवारी २०११. न्यूयॉर्क निक्सने डेन्व्हर नगेट्सकडून कार्मेलो अँथनी घेतला. त्याच्याबरोबर चॉन्सी बिलप्सही आला, पण सगळा खटाटोप मेलोसाठी. बदल्यात डेन्व्हरला गेले विल्सन चँडलर, डॅनिलो गॅलिनारी, रेमंड फेल्टन आणि टिमोफी मोझगोव्ह. चौघंही निक्सच्या रोजच्या खेळातले. वर ड्राफ्ट पिक.

नवीन श्रोत्यांसाठी: ड्राफ्ट म्हणजे दरवर्षी नवी पोरं निवडायची रांग, आणि साधारणपणे हरणाऱ्या टीमचा नंबर आधी. पुढच्या वर्षांचे नंबरही आज देऊन टाकता येतात. पोस्ट-डेटेड चेकच समजा. फक्त त्यावर रक्कम लिहिलेली नसते. ती तुम्ही पुढे किती वाईट खेळता यावर ठरते.

तर ट्रेडच्या दिवशी निक्स २८ जिंकले होते, २६ हरले होते. ट्रेडनंतर? १४ जिंकले, १४ हरले. आणि ज्यांनी स्टार गमावला त्या डेन्व्हरचं? १८ जिंकले, फक्त ७ हरले! मेलो निक्सकडे २०१७ पर्यंत होता. एवढ्या वर्षांत प्लेऑफची एकच सिरीज जिंकली, २०१३ साली बोस्टनविरुद्ध. गंमत म्हणजे मेलोचा करार त्याच उन्हाळ्यात संपू शकत होता. थांबले असते तर कदाचित कुणालाही न देता तो आला असता. घाई केली, आणि त्याच्या शेजारी उभी राहणारी माणसंच देऊन बसले.

मी खूश. म्हटलं, बघा, स्टारपेक्षा टीम मोठी!

पण थांबा. त्याच डेन्व्हरने २०१२-१३ मध्ये ५७ मॅच जिंकल्या. टीममध्ये एकही ऑल-स्टार नाही, सगळे मिळून खेळणारे. आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडमध्ये गोल्डन स्टेटकडून हरले. गॅलिनारी गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता, हे खरं. पण दुसरंही खरं आहे. प्लेऑफमध्ये समोर तीच टीम, सातपर्यंत मॅच, तुमच्या सगळ्या युक्त्या त्यांना पाठ. प्रत्येक टीम सात-आठ जणांवरच येते, म्हणजे तुमचा दहावा चांगला खेळाडू बेंचवर बसून टाळ्या वाजवतो. शेवटच्या दोन मिनिटांत, सगळं बंद झाल्यावर, अवघड शॉट घालणारा कुणीतरी लागतोच.

इथे आठवण येते टोरंटोची.

टोरंटो रॅप्टर्सने २०१७-१८ मध्ये ५९ मॅच जिंकल्या, त्यांचा तोवरचा विक्रम. आणि प्लेऑफमध्ये लेब्रॉनच्या क्लीव्हलंडने त्यांना ४-० असं धुतलं. टोरंटोचा चेहरा होता डिमार डिरोझन. २००९ पासून नऊ सीझन तिथेच. ‘मला इथेच राहायचंय’ म्हणणारा माणूस. त्याच वर्षी स्वतःच्या डिप्रेशनबद्दल उघडपणे बोललेला.

जुलै २०१८ मध्ये टीमचे प्रमुख मसाई उजिरी यांनी त्याला सॅन अँटोनियोला पाठवलं. सोबत याकोब पोल्टल आणि एक पहिल्या राउंडचं पिक. बदल्यात कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीन. कवाय आधीच्या सीझनला दुखापतीमुळे नऊच मॅच खेळलेला, आणि एका वर्षाने तो निघून जाऊ शकतो हे सगळ्यांना माहीत. डिरोझनला तर वाटत होतं, आपल्याला ट्रेड करणार नाहीत असं आपल्याला सांगितलंय. नंतर उजिरींनी, बोलण्यात गैरसमज झाला म्हणून, जाहीर माफी मागितली.

१३ मे २०१९, आपल्याकडे सोमवार सकाळ. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलच्या एका खोलीत आठ जण, एक लॅपटॉप, अडकत अडकत चालणारं स्ट्रीम. फिलाडेल्फियाविरुद्ध सातवी मॅच, स्कोअर ९०-९०. कवाय कोपऱ्यात पळतो, उडी मारतो, बझर वाजतो. बॉल रिंगवर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा टप्पे खातो आणि आत पडतो! आम्ही एवढे ओरडलो की वॉर्डन आले. पुढच्या महिन्यात टोरंटो चॅम्पियन. आणि जुलैत कवाय क्लिपर्सला निघून गेला.

मग ट्रेड चुकला का? अजिबात नाही. कारण टोरंटोकडे काय उरलं होतं ते बघा. काइल लाउरी होता. पास्कल सियाकम होता. फ्रेड व्हॅनव्हलीट होता. सर्ज इबाका होता. मधल्या फेब्रुवारीत मार्क गसोल आणला. स्टार आला तेव्हा त्याच्या मागे टीम उभी होती.

आणि किती दिले हा आकडाही फसवा आहे. २००७ मध्ये बोस्टनने केव्हिन गार्नेटसाठी पाच खेळाडू आणि पहिल्या राउंडची दोन पिक दिली. एकासाठी सात गोष्टी! पण पॉल पीअर्स आणि राजोन राँडो ठेवले, रे ॲलनला आधीच आणलं होतं. २४ विजयांवरून थेट ६६, आणि २००८ चं विजेतेपद.

उलट बाजू २०१९ च्या क्लिपर्सची. कवाय आला, त्याच्या जोडीला पॉल जॉर्ज हवा. म्हणून ओक्लाहोमा सिटीला दिले शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी (हो, तोच बिचारा परत), पहिल्या राउंडची पाच पिक आणि दोन वर्षी नंबर बदलून घ्यायचा हक्क. क्लिपर्स एकदाच कॉन्फरन्स फायनलपर्यंत गेले. २०२४ मध्ये जॉर्ज निघून गेला, बदल्यात काही नाही. त्या पिकमधून ओक्लाहोमाला जेलन विल्यम्स मिळाला. २०२५ मध्ये ओक्लाहोमा चॅम्पियन, आणि सीझनचा सर्वोत्तम खेळाडू कोण? शे. क्लिपर्सने स्टारसाठी स्टारच दिला होता. फक्त तेव्हा तो २० वर्षांचा होता.

आणखी एक धागा. मेलोच्या ट्रेडमध्ये डेन्व्हरला एक बारीक हक्क मिळाला होता: २०१६ मध्ये निक्सशी नंबर बदलून घ्यायचा. कुणी लक्ष दिलं नाही. त्या हक्काने डेन्व्हर नवव्यावरून सातव्या नंबरवर आलं आणि जमाल मरे निवडला. २०२० मध्ये त्याच मरेने सातव्या मॅचला ४० पॉइंट करून क्लिपर्सला बाहेर काढलं, आणि २०२३ मध्ये डेन्व्हर चॅम्पियन झालं. तो नववा नंबर फिरत टोरंटोकडे गेला होता. त्यावर कोण आला? पोल्टल, जो पुढे कवायसाठी दिला गेला. २०११ चा चेक बारा वर्षांनी वटला.

म्हणून माझं आजचं उत्तर: घ्या, पण जो येतोय त्याच्याकडे बघून ठरवू नका, जे उरतंय ते मोजा. त्याच्या शेजारी उभे राहतील असे चार जण उरतात का? तो उद्या गेला तर पुन्हा उभं राहायला काही उरतं का? दोन्हीला ‘हो’ असेल तर तीन काय, पाच द्या. एकालाही ‘नाही’ असेल, तर तिकिटं विकली जातील, जर्सी खपतील, बाकी काही नाही.

आणि माझ्या ऑफिसचं? ते प्रॉडक्ट वेळेत गेलं. त्या आर्किटेक्टने खरंच चांगलं काम केलं, मी त्याचा कोड वाचलाय. मॅनेजरचा हिशोब बरोबर होता, हे म्हणायला मला वर्ष लागलं.

पण फेब्रुवारी २०१९ मध्ये डिरोझन पहिल्यांदा टोरंटोत परत आला, तेव्हा अख्खं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं. त्याच मॅचच्या शेवटी कवायने त्याच्याच हातातून बॉल काढून डंक केला आणि टोरंटो जिंकलं. लोकांनी दोन्हीला टाळ्या वाजवल्या. ट्रेड बरोबर असू शकतो, आणि तरी ज्याला दिलं त्याला समोर बसवून सांगायला हवं होतं, हेही बरोबर असू शकतं. दहा मिनिटांचं काम असतं ते.

मला कुणी ती दहा मिनिटं दिली नाहीत. उद्या मी लीड झालो आणि कुणाला सोडायची वेळ आली, तर इन्व्हाइट डिलीट करायच्या आधी मी फोन करणार. एवढं नक्की.

तुमच्या टीमने असा ट्रेड केला असेल, नाहीतर तुम्हीच कुणाच्या ट्रेडमध्ये गेला असाल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकू. चला, भेटू!